पद्मिनीचा ताप, हेड न उघडता

पुण्याजवळच्या दिवे घाटात निम्म्यावर पोचेपर्यंत माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या तापमानाचा काटा लालमध्ये. ज्याला विचारलं त्याचं निदान एकच: "हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचं सील) गेलं, हेड उतरवा." दुसऱ्याच्या गाडीचं हेड उतरवायला सगळ्यांचेच हात शिवशिवतात. म्हटलं, आधी बिनपैशाच्या तपासण्या करू.

थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. गॅस्केट गेलेलं असतं तर पाण्यात बुडबुडे येत राहिले असते. पाणी शांत. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जवळपास सारखं. हेडला क्लीन चिट.

मग थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) बघावा म्हणून हाउसिंग खोललं, तर आत थर्मोस्टॅटच नाही! कधीतरी कुणा मिस्त्रीने काढून टाकलेला. गाडी तापते ना, मग काढा थर्मोस्टॅट, हा आपल्याकडचा जुना घरगुती उपाय. नवा आणला, चहाच्या पातेल्यात उकळून उघडतो का ते पाहिलं (त्यावरून घरात झालेला संवाद इथे देत नाही) आणि बसवला.

खरा चोर सापडला इन्फ्रारेड थर्मामीटरने. गाडी गरम करून रेडिएटरच्या जाळीवर फिरवला. सगळीकडे ८० ते ९० अंश, पण उजवीकडे चार बोटं रुंद उभा पट्टा ४५! या रेडिएटरमध्ये पाणी वरच्या टाकीतून खाली उतरतं, म्हणून थंड पट्टा उभा. तेवढ्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. नाना पेठेत रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग (सोल्डर) काढून उघडली, तेव्हा आत विटकरी गाळ. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचं फळ. जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरचं हे सुख, त्याचं रॉडिंग होतं, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढता येतो. इंजिन ब्लॉकचा ड्रेन कॉकही (पाणी काढायची तोटी) गंजाने बुजलेला. तार घालून मोकळा केला आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत नळी लावून ठेवली. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

पुन्हा दिवे घाट. हडपसरच्या गर्दीत काटा जागचा हलला नाही, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये परत सरकायला लागला. गर्दीत, जिथे सगळी भिस्त पंख्यावर, तिथे ठीक आणि जास्त आरपीएमला गरम, मग पंख्यावर संशय कशाला घ्यायचा? घरी येऊन बॉनेट उघडून कार्ब्युरेटरवरून रेस दिली, तर रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) डोळ्यांदेखत चपटा! पाण्याचा पंप ओढतोय आणि मऊ पडलेला होज मिटतोय. आत स्प्रिंग असलेला होज टाकला.

तिसऱ्या फेरीत सासवडपर्यंत काटा अर्ध्यावर. येताना अंजीर घेतले. फक्त आज सकाळी पंपाखाली कूलंटचा हिरवा थेंब दिसला. वीप होलमधून (सील गेलं की गळती दाखवणारं पंपाचं बारीक भोक) येतोय, म्हणजे पंपाचं सील. पुढचा रविवार गेला.