मांजराची नखं काढून मिळतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ‘सातारा-सांगलीत मांजराची नखं कायमची काढून देणारं कोणी आहे का?’ असं अनेकजण विचारतात. कोणाकडे नवा सोफा आलेला असतो, कोणाकडे रांगतं मूल, तर कोणाच्या घरमालकाने दाराच्या चौकटीवरचे ओरखडे पाहिलेले असतात. विचारणारी माणसं वाईट नसतात. नख काढणं म्हणजे नख काढणं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं, आणि चूक नेमकी तिथेच होते.

आपलं नख मांसातून उगवतं, मांजराचं बोटाच्या शेवटच्या हाडातून. ते पुन्हा उगवू नये असं वाटत असेल, तर ते हाडच काढावं लागतं. तुमच्या बोटाचं नखाचं पेर सांध्यातून उडवलं तर काय उरेल ते हात समोर धरून पाहा. पुढच्या दोन पायांना पाच-पाच बोटं, म्हणजे एकाच भुलेत दहा बोटं छाटायची. लेझरने केलं तर रक्त कमी जातं, पेर मात्र जातंच. दुसऱ्या एका शस्त्रक्रियेत हाड ठेवतात आणि नख बाहेर काढणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापतात. मग मांजराला ओरबाडता येत नाही आणि नख झिजतही नाही. ते जाड होत जातं, वळून तळव्याच्या गादीत रुततं, आणि जन्मभर माणसालाच कापत बसावं लागतं.

मांजर टाचेवर चालत नाही, बोटांवर चालतं. शेवटचं पेर गेलं की भार मागे सरकतो, चाल बदलते आणि पाठ दुखायला लागते. हाडाचा बारीक तुकडा आत राहिला, तर त्यातून वेडंवाकडं नख पुन्हा फुटतं किंवा तिथे पू होतो. हे क्वचित घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात नखं काढलेली १३७ मांजरं क्ष-किरणाखाली पाहिली, तेव्हा ६३ टक्के मांजरांच्या पायात हाडाचे तुकडे राहिलेले होते. दुखऱ्या पायाने वाळू उकरवत नाही, म्हणून मांजर वाळूचा ट्रे सोडून वाकळीवर, गादीवर मुतायला लागतं. हातचं हत्यार गेलं की ते दाताचा आधार घेतं. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरची जखम लगेच मिटते आणि आत पू धरतो. म्हणजे मुलाला ओरखडा नको म्हणून नखं काढली, तर घरात चावरं मांजर आणि ओला सोफा यायची शक्यता वाढते.

आपल्याकडची मांजरं अर्धा दिवस बाहेर असतात, हेही लक्षात घ्या. गल्लीतला कुत्रा मागे लागला की कौलांवर किंवा नारळावर चढायला त्यांच्याकडे नखांशिवाय काही नाही.

यावर ग्रामीण भागातून एक प्रश्न हमखास येतो: बैलाला वेसण घालतो, वासराची शिंगं जाळतो, मग मांजराचंच एवढं काय? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊ नये. वासराची शिंगाची कळी कोवळ्या वयात, साधारण दोन महिन्यांच्या आत, कवटीच्या हाडाला जोडलेली नसते, आणि तीही जागा बधिर करूनच काढायला हवी. शिवाय त्यामागे गोठ्यातल्या इतर जनावरांची आणि माणसांची सुरक्षितता असते. मांजराचं मात्र धड, निरोगी हाड कापायचं, तेही सोफ्याच्या कापडासाठी. कायद्यानेही हा फरक केला आहे. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात प्राण्याला विद्रूप करणं गुन्हा आहे. त्याच कलमात शिंगं काढणं, खच्चीकरण, डागणं आणि वेसण यांना ठरलेल्या पद्धतीने केल्यास सूट आहे. त्या यादीत मांजराची नखं नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, त्यामुळे कायद्याचा धाक मी दाखवत नाही. ‘अमेरिकेत तर सर्रास करतात’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी आणली, आणि युरोपातल्या पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७ च्या करारातही ही शस्त्रक्रिया निषिद्ध आहे. एखाद्या बोटात गाठ झाली किंवा बरा न होणारा संसर्ग झाला, तर ते एक बोट काढणं हा उपचार आहे. त्याबद्दल इथे बोलत नाही.

आता सोफा वाचवायचा कसा?

मांजर खोड्या काढायला ओरबाडत नाही. नखावरचं जुनं टरफल काढायचं, झोपून उठल्यावर पाठ ताणायची आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लावून ‘ही जागा माझी’ अशी खूण करायची, ही तिन्ही कामं ते एकदम करतं. ती थांबत नाहीत, त्यांना फक्त जागा द्यायची असते. ओरडलं, मारलं, तर ते तुम्ही घरात नसताना ओरबाडायला शिकतं.

आधी दोन दिवस नुसतं पाहा. मांजर उभ्या वस्तूवर पंजे टेकवून ओरबाडतं की जमिनीवरच्या सतरंजीवर? आडवं आवडत असेल, तर काथ्याचं पायपुसणं फळीवर चार खिळ्यांनी ठोकून द्या, काम झालं. उभं आवडत असेल तर खांब लागेल. जुन्या घराच्या सोप्यात लाकडी खांब असेल, तर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत त्यालाच दोर गुंडाळा. नसेल तर पाडलेल्या घराचा वासा शोधा.

ऑनलाइन दुकानांत ‘सायझल’ नावाने महाग विकतात तो दोर घायपातीच्याच जातीतल्या झाडाचा असतो. आपल्याकडे बांधावरच्या घायपातीपासून दोर वळतात, तो चालतो. तो मिळाला नाही तर तागाची जाड सुतळी घ्या. नायलॉन नको, त्याच्या धाग्यांत नख अडकतं आणि ओढाताणीत मुळापासून दुखावतं. वाशाची लांबी ९० सेंटिमीटर हवी, कारण मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताण देता आला पाहिजे. बाजारातले दीड फुटी खांब मांजरं वापरत नाहीत ती याचमुळे. दोराचा हिशेब असा: वाशाचा घेर ३० सेंटिमीटर, दोर १० मिलिमीटर जाड आणि ७५ सेंटिमीटर उंची झाकायची, म्हणजे ७५ वेढे, साडेबावीस मीटर. २५ मीटर आणा.

तळाला १९ मिलिमीटर प्लायचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. खालून ७५ मिलिमीटरचे चार स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. पण लाकडाच्या टोकात गेलेला स्क्रू फार धरत नाही, म्हणून दोन बाजूंनी लोखंडी एल पट्ट्या लावाच. वर शहाबादी फरशीचे दोन तुकडे वजनाला ठेवा. खांब एकदा जरी डुलला तरी मांजर त्याच्याकडे परत फिरकत नाही. दोर खालून वर, कोरडाच, वेढ्याला वेढा खेटून गुंडाळा. दर चार-पाच वेढ्यांनी फेव्हिकॉलची रेघ द्या. दोन्ही टोकं बारीक खिळ्यांनी ठोका, पण डोकी लाकडात बुडाली पाहिजेत. एक दिवस वाळू द्या.

खांब कोपऱ्यात लपवू नका. मांजर झोपतं तिथे किंवा सोफ्याच्या ओरबाडलेल्या कडेला लागून ठेवा, आणि सोफ्याच्या त्या कडेवर डबल टेप लावा. चिकटलेलं मांजराला आवडत नाही. ओढ लावायला पावसाळ्यात परसात उगवणारी खोकली, म्हणजे कुप्पी, मुळासकट उपटा आणि मूळ दोरावर घासा. बऱ्याच मांजरांना तिच्या मुळाचं वेड असतं. तीन-चार आठवड्यांनी, सवय पक्की झाल्यावर, खांब रोज चार बोटं सरकवत तुमच्या सोयीच्या जागी न्या. दोर फाटून लोंबला तरी लगेच बदलू नका, त्यांना तोच आवडतो.

याच्या जोडीला नखं कापायची, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. मांजर पेंगत असताना पंजा हातात घ्या आणि बोट वरून-खालून हलकेच दाबा, नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, त्याच्यापुढे दोन मिलिमीटर सोडून फक्त पारदर्शक टोक कापा. आपलं नेलकटर वापरलंत तर ते उभं धरा. आडवं धरलं तर नख चिरतं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा नखं. अंगठ्याचं विसरू नका, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, आणि म्हाताऱ्या मांजरांत वळून मांसात शिरतं. सगळी एकाच बैठकीत व्हायला हवीत असं काही नाही. दोन झाली आणि मांजर चिडलं तर सोडून द्या. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट ठेवून कोरड्या कापसाने तीन-चार मिनिटं दाबा. डेटॉल लावू नका, ते चाटल्याने मांजराला विषबाधा होते. दुखत असेल म्हणून क्रोसिन तर मुळीच नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

नखांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्याही मिळतात. चार ते सहा आठवडे टिकतात. फक्त घरात राहणाऱ्या शांत मांजरालाच त्या लावाव्यात. बाहेर हिंडणाऱ्याला त्या घालणं म्हणजे कुत्र्यासमोर निःशस्त्र सोडणं.

घरात लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल, तरी उपाय हाच. अशा रुग्णांसाठीच्या अमेरिकी वैद्यकीय मार्गदर्शनातही नखं काढायचा सल्ला सहसा दिला जात नाही. ओरखड्यातून येणाऱ्या तापाचे जंतू पिसवांमार्फत पसरतात, म्हणून पिसवांचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून द्या. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला जीवघेणं ठरतं. मुलांना हाताने खेळवू देऊ नका, काठीला चिंधी बांधून द्या. मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. तरीही ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. जाताना मांजराच्या लसीचं कार्ड सोबत घ्या.