ज्याच्या चुका कमी, त्यालाच गोल्ड ग्लोव्ह?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. क्रिकेट बघत वाढलेली मंडळी मेजर लीग बेसबॉल बघू लागली की हा प्रश्न हमखास येतो: "गोल्ड ग्लोव्ह म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस ना? मग ज्याच्या चुका सगळ्यात कमी त्याला देऊन टाका, मतदान कशाला?"

अडचण अशी की चूक करायलासुद्धा आधी चेंडूपर्यंत पोचावं लागतं. जो पोचलाच नाही त्याच्या नावावर ‘एरर’ लागत नाही. बॅटरला हिट मिळते आणि विषय संपतो. कागदावर दोन शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले फिल्डर) मांडा. एकाला 500 संधी, 10 चुका, म्हणजे बिनचूक संधींची टक्केवारी .980 (98 टक्के). दुसरा 560 चेंडू गाठतो, 18 चुका करतो: .968. टक्केवारीत पहिला पुढे, पण दुसऱ्याने 52 गडी जास्त बाद करून दिले! ऑझी स्मिथचे 1980 मधले 621 असिस्ट (म्हणजे चेंडू फेकून वा वळवून दुसऱ्या फिल्डरला गडी बाद करायला केलेली मदत) हा शॉर्टस्टॉपचा एका मोसमातला विक्रम आहे. इतके असिस्ट नुसत्या सुरक्षित हातांनी होत नाहीत, पाय लागतात. त्याच्या 13 गोल्ड ग्लोव्हमधला पहिला त्याच वर्षीचा.

ग्लोव्ह बनवणारी रॉलिंग्ज कंपनी 1957 पासून हे बक्षीस देते. मत देतात मॅनेजर आणि प्रत्येक संघाचे जास्तीत जास्त सहा कोच. मेजर लीगमध्ये अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग आहेत; मत आपल्याच लीगमधल्या खेळाडूला द्यायचं, पण स्वतःच्या संघातल्याला नाही. गोची इथेच आहे. समोरच्या संघाचा सेंटर फिल्डर त्यांना वर्षात मोजकेच सामने दिसतो. उरलेली जागा नाव, बॅटिंग आणि गेल्या वर्षीचं बक्षीस भरून काढतात. 1999 मध्ये राफाएल पाल्मेरो पहिल्या बेसवर जेमतेम 28 सामने उभा राहिला, बाकी मोसम बहुतेक नुसती बॅटिंग केली, तरी फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लोव्ह त्यालाच! आता मैदानावरच्या इनिंगची किमान अट आहे, आणि 2013 पासून निकालात साधारण 25 टक्के वजन आकडेवारीला असतं. माझ्या मते तेही कमीच.

आकडेवारी म्हणजे काय, ते एका झेलावर बघा. कॅमेरे टिपतात: फिल्डर कुठे उभा होता, चेंडू किती लांब आणि कुठल्या दिशेला पडणार, हातात वेळ किती. समजा त्यावरून झेलाची शक्यता 25 टक्के निघाली. घेतला तर खात्यात 0.75 जमा, सुटला तर 0.25 वजा. 95 टक्क्यांचा सोपा झेल घेतला तर फक्त 0.05, सोडला तर थेट 0.95 चा फटका. मोसमभराची ही बेरीज म्हणजे ‘आउट्स अबव्ह अॅव्हरेज’.

म्हणून सूर मारून घेतलेल्या झेलाला लगेच भुलू नका. कधी तो खरंच अवघड असतो, कधी पहिलं पाऊल उशिरा पडल्यामुळे सूर मारावा लागलेला असतो. तोच चेंडू चांगला फिल्डर उभ्या उभ्या घेतो, आणि टीव्हीवर त्याचा रिप्ले कोणी दाखवत नाही. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरचं काम तर याहून लपलेलं: काठावरचा चेंडू ग्लोव्ह न हलवता, शांतपणे घेऊन अंपायरकडून स्ट्राइक (बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू) मिळवायचा. टक्केवारीत त्याची नोंदच नाही.

आणि मतदानाशिवाय चालतं का म्हणाल, तर एकदा चाललंय. 2020 चा करोनातला मोसम 60 सामन्यांचा होता आणि संघ आपापल्या भागातच खेळले. कोचांनी आपल्या लीगमधले बहुतेक संघ पाहिलेच नव्हते, म्हणून त्या वर्षी सगळे गोल्ड ग्लोव्ह निव्वळ आकड्यांवर दिले गेले. पुढच्या वर्षी मतपत्रिका परत आल्या.