आमची वाटचाल : वटवाघळं त्याची, पोरगी आमची

बेळगावच्या शहापुरात वडिलांचा ट्रेडल होता, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांची पावतीपुस्तकं. १९९६ साली ते गेले आणि ट्रेडल, शिशाच्या टाइपांच्या केसा, म्हणजे खणांच्या पेट्या, आणि उधारीची वही माझ्याकडे आली. ट्रेडल भंगारात गेला, वहीतली काही नावं अजून तशीच आहेत. २००३ ला मिनी ऑफसेट, म्हणजे प्लेटांवरून छापणारं लहान यंत्र, घेतलं, २००७ ला पहिलं कॉमिक काढलं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर. १८२४ ची लढाई आमच्या भागात शाळेतल्या पोराला पाठ असते, त्यामुळे गोष्ट सुचायचा प्रश्नच नव्हता. चित्रं आण्णांची. आण्णा म्हणजे आमचे पहिल्या दिवसापासूनचे भागीदार, सिनेमाची पोस्टरं रंगवणारा माणूस, फ्लेक्स आले आणि हात रिकामे झाले म्हणून माझ्याकडे आला. पुढची पाच वर्षं अंक निघाले, खपले, पगार वेळेवर झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २०१२ पासूनचं.

इतिहासाच्या गोष्टी संपत आल्या होत्या आणि मला आपल्या मातीतली, पण कुणी न सांगितलेली मालिका पाहिजे होती. आदल्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, खानापूर तालुक्यातलं भीमगडचं जंगल अभयारण्य झालं होतं. त्याच भागात बारापेडे गुहा आहेत. तिथलं रॉटनचं वटवाघूळ, मोठ्या कानांचं, शास्त्राच्या पुस्तकात १९१३ साली नोंदलं गेलं आणि पुढं कितीतरी वर्षं जगात दुसरीकडे कुठं सापडतच नव्हतं. नंतर मेघालयात सापडलं, कंबोडियात सापडलं. पण आमच्या खानापूरचं वटवाघूळ जगाच्या पुस्तकात, आणि बेळगावातल्या पोरांना पत्ता नाही! मी त्या रात्री झोपलो नाही. तीन पोरं, एक गुहा, चोरटे शिकारी. बारा अंक.

माझी पद्धत सांगतो. मी कथा वहीत लिहीत नाही, डमीवर लिहितो. १५ बाय २० इंची अर्धा शीट दोनदा दुमडला की आठ पानं होतात. असे चार शीट एकात एक घालून मध्ये पिन मारली की बत्तीस पानांचा अंक हातात येतो. कोरा, पण अंकच. मग एचबी पेन्सिलीनं प्रत्येक पानावर एकच वाक्य. विषम पान उजवीकडे येतं, तिथं शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवायचं, कारण पान उलटायचं तिथंच असतं. उत्तर सम पानावर, वर. दार वाजलं सातव्या पानाला, कोण आलंय ते आठव्याला. संगणकावर लिहिणाऱ्या नव्या मुलांना हे कळत नाही, त्यांची दारं सहाव्या पानाला वाजतात आणि समोरच्या सातव्यावर पाहुणा आधीच चहा पीत बसलेला दिसतो.

तर ती डमी टेबलावर होती. आमच्याकडे एक गृहस्थ हँडबिलं छापायला यायचे, जाहिरातीचा धंदा, बोलायला गोड. चहा झाला. त्यांनी डमी चाळली, "झकास आहे हो," म्हणाले. मीच सगळं सांगितलं. गुहा, वटवाघळं, तीन पोरं, शिकारी. हातवारे करून सांगितलं.

सात महिन्यांनी त्यांचा अंक आला. गुळगुळीत आर्ट पेपर, चार रंग, बाहेरगावी छापलेला. तीच गुहा, तीच वटवाघळं, तीच तीन पोरं. नावं तेवढी बदललेली. शाळाशाळांत फुकट वाटला आणि आमचे वर्षाचे वर्गणीदार अर्ध्यावर आले. मी वकिलाकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं की १९५७ चा कॉपीराइट कायदा मांडणी सांभाळतो, नुसती कल्पना नाही, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं एका नाटक-सिनेमाच्या वादात हे स्पष्ट केलेलं आहे. "तुमची चित्रं उचलली का? संवाद उचलले का?" नाही. चित्रं काढलेलीच नव्हती. वकिलांची फी मात्र मी दिली. म्हणून सांगतो, कल्पना तोंडानं सांगू नका. निदान पहिला अंक छापून होईस्तोवर घरच्यांनाही सांगू नका.

ते वर्ष कसं गेलं ते आमच्या घरातल्यांना विचारा. ऑफसेट विकायला काढलं होतं, निपाणीचा एक गिऱ्हाईक बघूनही गेला.

त्याच दिवसांत खानापूरकडचे गुरुजी आले. दर अंकाच्या चाळीस प्रती न चुकता, रोखीनं नेणारा आमचा हा एकच माणूस. मी रडगाणं गायलो, डमी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून बत्तीसच्या बत्तीस पानं वाचली आणि म्हणाले, "गुहा भारी हाय की वो. पण ह्या पोरास्नी पायजे काय?"

मला उत्तर देता आलं नाही. शिकारी पकडायचे, एवढंच. ते तर कुणालाही पाहिजे.

मग त्यांनी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचं सांगितलं. उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, म्हणून ती कायम उजव्या भिंतीला टेकून बसते, सगळा वर्ग डाव्या कानाकडे यावा म्हणून. मागून हाक मारली तर हाक ऐकू येते, पण कुठून आली ते कळत नाही, चुकीच्या बाजूला वळते आणि पोरं हसतात.

गुरुजी बस पकडायला गेले. मी आण्णांकडे पळालो. वटवाघूळ अंधारात प्रतिध्वनीवर वाट काढतं, आणि आवाज कुठून आला ते कळायला त्यालाही दोन कान लागतात. आपल्यालाही लागतात. आता ही पोरगी गुहेत नेऊन सोडा! भाऊ आतून हाका मारतोय, तिला ऐकू येतंय, दिशा कळत नाही. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी केमलचा दोन नंबरचा ब्रश पाण्यात बुडवला, ओठांनी टोक केलं, आणि मुलीच्या उजव्या अंगाला एक माणूस काढला. त्याच्या तोंडाला संवादाचा फुगा. फुग्यात काहीच लिहिलं नाही.

"आत काय लिहायचं?" मी विचारलं.

"तिला ऐकू आलं नाही, तर तुला कसं येईल बे?"

मालिका तिथं सुरू झाली. उजवीकडून बोलणाऱ्याचा फुगा कोरा, वाचणाऱ्यानंही अंदाज बांधायचा. पाचव्या अंकात त्याच कोऱ्या फुग्यामुळे ती एका चांगल्या माणसावर संशय घेते, आणि पोरांनी पत्रं पाठवून विचारलं की तो नक्की काय म्हणाला होता. आम्ही अजून सांगितलेलं नाही.

आमच्या धंद्यात एक गोम आहे. मिनीवर चार रंग म्हणजे कागद चार वेळा यंत्रातून काढायचा. प्रत्येक बाजूच्या प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट, म्हणजे छापायचा पत्रा. चार शीट, दोन बाजू, चार रंग, अंकाला बत्तीस प्लेटा. बेळगावच्या पावसात कागद ओल धरतो, फुगतो, लाल एकीकडे आणि निळा दुसरीकडे जातो. जुलै-ऑगस्टात रंगाचं काम घेऊ नका, कितीही पैसे देऊ देत. पण अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर ठेवली की कन्नड आवृत्तीला आठच प्लेटा जादा लागतात, बाकी चोवीस त्याच. फुगे आधीच ऐसपैस काढायचे, मराठीच्या मात्रा वर जातात, कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात. कोरा फुगा मात्र दोन्ही भाषांत एकच. गुरुजी म्हणायचे, सीमाभागात एवढ्याच एका गोष्टीवर भांडण नाही.

त्या गृहस्थांची मालिका चार अंकांत बंद पडली. त्यांच्याकडे गुहा होती, वटवाघळं होती, पाचव्या अंकाला करायचं काय ते नव्हतं. मी आता नवी कल्पना सुचली की आधी दहाव्या अंकाची डमी करतो. दहाव्याला बत्तीस वाक्यं सुचली तरच पहिल्याला हात.

ऑगस्ट २०१९ ला बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी गोदामात शिरलं. रिमं फुगून दगडासारखी झाली, आठव्या अंकाचे न बांधलेले शीट एकमेकांना चिकटले. आण्णांची मूळ चित्रं त्यांच्या माडीवर होती म्हणून वाचली. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते. आठवड्यानं पाकीट आलं, वर्षभराच्या चाळीस प्रतींचे पैसे, आगाऊ, चिठ्ठी नाही. सावरतोय तोवर मार्च २०२० आला आणि शाळाच बंद झाल्या. बारावा अंक २०२२ ला निघाला. त्याच्या चाळीस प्रती मी स्वतः बसनं खानापूरला पोचवल्या.

गेल्या वैशाखात ते जाहिरातवाले गृहस्थ प्रेसवर आले. मुलीची लग्नपत्रिका छापायची होती. छापली. पैसे पूर्ण आगाऊ घेतले, मजकुराचं प्रूफ दोनदा तपासून दिलं, चहाही पाजला. टेबलावर नव्या मालिकेची डमी होती, तिच्यावर मी वडिलांची उधारीची वही ठेवली.