ब्रोशर फेकू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. प्रश्न नेहमीचाच: "गोव्यात पर्वरीला, शिवोलीला नवीन प्रोजेक्ट बघितलाय, जाहिरात छान आहे, घेऊ का?"

आधी ते ब्रोशर जपून ठेवा. घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याचं (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं) कलम 12 सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, दरपत्रक, एजंटचे मेसेज, सगळं तारखेसकट ठेवा. तोंडी बोलण्याला काही किंमत नाही.

मग दर बघा. समजा 100 चौरस मीटर सुपर बिल्ट-अपचे, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरून, 95 लाख सांगितले. कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारलंत तर 65 निघतं. म्हणजे चौरस मीटरला दर 95 हजार नाही, 1 लाख 46 हजार पडतो. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. गोव्यात हे फार महत्त्वाचं, कारण इथल्या जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो बाल्कनीचाच असतो.

"भाड्याची हमी" हा दुसरा प्रकार: फ्लॅट पर्यटकांना देऊन वर्षाला ठरलेलं भाडं मिळवून देऊ, असं बिल्डर सांगतो. 95 लाखांवर 8 टक्के म्हणजे वर्षाला 7 लाख 60 हजार. रात्रीला 6 हजार भाडं धरलं तरी 127 रात्री भरायला हव्यात, आणि त्यातून कमिशन, वीज, साफसफाई, देखभाल यांत निम्मं गेलं तर सुमारे 253. पावसाळ्याचे चार महिने मध्ये येतात, हे लक्षात घ्या. पहिली दोन वर्षं पैसे आले तरी ते बऱ्याचदा वाढवलेल्या किमतीतूनच तुम्हाला परत मिळालेले असतात. शिवाय पर्यटकांना खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि सोसायटीनं हरकत घेतली तर सगळं गणितच कोलमडतं.

ब्रोशरमधलं समोरचं हिरवं शेत बिल्डरचं नसतं. त्याचा सर्व्हे नंबर काढा आणि प्रादेशिक आराखड्यात ते कोणत्या झोनमध्ये आहे ते पाहा. सेटलमेंट, म्हणजे वस्तीसाठीचा झोन, असेल तर उद्या तिथे भिंत उभी राहणार. भातशेत असलं तरी निर्धास्त राहू नका. झोन बदलण्यावरून गोव्यात गेली काही वर्षं आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. "व्ह्यू"साठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आणि हे फक्त तुमच्या पैशांपुरतं नाही. शेत बुजलं की पावसाचं पाणी शेजारच्या वाड्यात शिरतं.

जागा बघायला डिसेंबरात येऊ नका, मेमध्ये या. गेटवर दिवसाला किती टँकर येतात ते वॉचमनला विचारा. सांडपाण्याची लाईन आहे की सेप्टिक टाकी, आणि टाकीपासून विहीर किती लांब आहे, तेही बघा. जांभ्याच्या जमिनीत पाणी पटकन झिरपतं. विहीर खराब झाली की मागे फक्त टँकरच उरतो.

कागदांत सगळ्यात आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकी-हक्कांच्या नोंदींचा सरकारी कागद. त्यात कुळाचं नाव किंवा इतर हक्कांत कुणाची नोंद आहे का ते वाचा. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर आवारात असेल तर त्याचा हक्क बिल्डरच्या भिंतीनं संपत नाही. जमीन विकणाऱ्याच्या बायकोची सही आहे ना, सगळे वारस आले आहेत ना, हेही बघा; इथल्या नागरी कायद्यात एकाच्या नावावरची मिळकतसुद्धा बहुतेक वेळा दोघांची असते. त्यानंतर सनद (शेतजमीन बिगरशेती वापरायची परवानगी), नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना.

सहा-आठ व्हिलांच्या प्रोजेक्टला रेरा नंबर दिसला नाही तर नवल नाही: जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं 8 पर्यंत असली की नोंदणीची सक्ती नसते. अशा वेळी वकिलाचा शोध अहवाल (जमिनीच्या मालकीची तपासणी) स्वतः करून घ्या, बिल्डरनं दिलेल्यावर भागवू नका.

करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. बांधकाम चालू असताना अशा किमतीच्या फ्लॅटवर जीएसटी 5 टक्के, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर शून्य. त्यामुळे तयार फ्लॅट थोडा महाग दिसला तरी आधी हिशोब करून बघा. शेवटचा हप्ता मात्र ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (राहायला परवानगीचा दाखला) हातात आल्याशिवाय सोडू नका. किल्ली मिळाली तरीही.