ब्लॅक वॉलनट, टोमॅटो आणि आमच्या एचओएचा फॉर्म

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. घर घेतलं तेव्हा बॅकयार्डात ब्लॅक वॉलनटची (इथला काळा अक्रोड) दोन जुनी मोठी झाडं होती, सावली बघून आम्ही खूश. ज्यांच्याकडे हे झाड आहे आणि वांगी-टोमॅटो पण लावायचेत त्यांच्यासाठी लिहितेय. आणि खरं सांगायचं तर एचओएवरचा (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची सोसायटी) राग अजून गेला नाहीये म्हणूनही.

पहिल्या उन्हाळ्यात टोमॅटो गुडघ्याएवढे झाले आणि एकदम माना टाकायला लागले. दुपारी मलूल होणं ठीक आहे पण पाणी घालूनही सकाळपर्यंत उठेनात. आई व्हिडिओ कॉलवर म्हणे पाणी जास्त होतंय, नवरा म्हणे कमी होतंय, आणि शेजारच्याच वाफ्यात घेवडा आणि कांदे मजेत. शेवटी एक रोप उपटून खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा. शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला फोटो पाठवले (ही ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची सोय आहे, जरूर वापरा), तर त्यांचा पहिलाच प्रश्न, जवळपास वॉलनट आहे का? तशा रेघा बुरशीच्या मर रोगानेही पडतात, पण झाडाच्या बाजूची रोपं आधी गेली आणि लांबची टिकली यावरून त्यांना अंदाज आला.

तर वॉलनटचं झाड जग्लोन नावाचं, काही रोपांना मारक असलेलं रसायन तयार करतं. मुळं, कळ्या आणि फळाची हिरवी साल यात जास्त, पानात कमी. मोठं झाड असेल तर बुंध्यापासून ५०-६० फुटांपर्यंत त्रास होऊ शकतो, म्हणजे आमचं जवळजवळ अख्खं यार्ड. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातले, सगळे नाजूक. नेहमीच्या सॉइल टेस्टमध्ये जग्लोन दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होऊ नका.

झाड पाडायचा विचार आला होता. आर्बोरिस्ट (झाडांचा तज्ज्ञ) बोलावला, तो म्हणाला झाड ठणठणीत आहे, आणि पाडलं तरी जमिनीत राहिलेली मुळं कुजेपर्यंत काही वर्षं जग्लोन राहणारच. लाकूड महाग असतं ना, विकू की, असं सगळे सांगतात, पण घराच्या आवारातल्या झाडात कोणीतरी कधीतरी ठोकलेले खिळे असतात, करवतीचं पातं जातं, म्हणून लाकूडवाले बहुतेक हातच लावत नाहीत. मग ठरलं की झाडांपासून लांबच्या कोपऱ्यात रेज्ड बेड, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत माती भरून उंच केलेला वाफा, करायचा.

आणि इथे आमची गाडी अडकली.

चार फळ्या आणि माती, याला आमच्या एचओएच्या नियमात "स्ट्रक्चर" म्हणतात. म्हणजे डेक बांधणारा आणि मेथी पेरणारा दोघांनाही एकच फॉर्म. तो पोर्टलवर भरायचा, सोबत प्लॅट मॅपवर (प्लॉटच्या हद्दी दाखवणारा नकाशा) मापात काढलेला आराखडा, लाकडाचा प्रकार, रंग, उंची आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांच्या सह्या. शेजारी बिचारे चांगले, लगेच सही केली, एक आजोबा तर वर म्हणाले की मला टोमॅटो दे म्हणजे झालं. सगळं अपलोड केलं. बऱ्याच दिवसांनी स्टेटस आलं, "इनकम्प्लीट". काय अपुरं आहे ते कुठेच नाही! फोन केला तर मॅनेजमेंट कंपनीची बाई म्हणाली ते कमिटीला माहीत, कमिटीला ईमेल केली तर उत्तर आलं की पोर्टलवरूनच विचारा, आणि पोर्टलवर विचारायला जागाच नाही. कमिटी बसते महिन्यातून एकदा, त्यांची तारीख हुकली की थेट पुढचा महिना. आमच्याकडे मेच्या मध्यावर रोपं गोठवणाऱ्या दहिवराची भीती जाते आणि रोपं बाहेर लावतात, आणि माझी रोपं तेव्हा खिडकीत उजेडाच्या दिशेने वाकून बारीक लांबुडकी होत बसलेली. रंगाच्या रकान्यात मी "नैसर्गिक सीडर" लिहिलं होतं, त्यांच्या यादीत नैसर्गिक नावाचा रंग नाही म्हणे, हे मला नंतर कळलं. म्हणजे लाकडाला लाकडाचा रंग चालत नाही!

शेवटी मी पोर्टलचा नाद सोडला आणि बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसले, ती सगळ्या घरमालकांना खुली असते. मेलेल्या टोमॅटोचे फोटो प्रिंट करून नेले होते. माझा नंबर येईपर्यंत कुणाच्या तरी गॅरेजच्या दारावर वाद चालू होता, मग मला एकच प्रश्न विचारला, किती उंच? मी म्हटलं दीड फूट. झालं, मंजूर. एवढ्यासाठी माझा अर्धा सीझन खाल्ला.

तुमच्याकडे एचओए असेल तर फॉर्म हिवाळ्यातच टाका आणि मीटिंगची तारीख आधी शोधा. तोपर्यंत कापडी ग्रो बॅग वापरा, त्याला आमच्याकडे तरी परवानगी लागली नाही, फक्त त्या मातीवर न ठेवता डेकवर किंवा फरशीवर ठेवा. बेडच्या तळाला लँडस्केप फॅब्रिक घाला म्हणजे मुळं वर घुसायला वेळ लागतो, माती बाहेरची विकत आणा. फुकटच्या वुडचिप्स कुठल्या झाडाच्या ते विचारल्याशिवाय घेऊ नका. जमिनीत मका, गाजर, बीट, घेवडा लावा, आरामात येतात.

त्या वर्षी टोमॅटो सप्टेंबरमध्ये लाल झाले, आजोबांना पहिली पिशवी पोचवली. नेमकी तेव्हाच वॉलनटची फळं पडायला लागतात, गणपतीला आलेल्यांच्या गाड्यांवर धाड धाड आवाज. ती उचलताना ग्लोव्ह्ज घाला, हिरव्या सालीचा काळा डाग हाताला लागला की साबणाने जात नाही, मी आरतीला तसल्याच हातांनी उभी होते. सोललेली फळं पाण्यात टाका, तरंगतील ती फेका, बुडतील ती काही आठवडे हवेशीर जागी वाळवा. फोडायला हातोडाच लागतो. चव उग्र आहे, नवऱ्याला आवडते, मला नाही. आणि कुत्रा असेल तर पडलेली फळं रोज उचला, बुरशी आलेली साल खाल्ली तर कुत्र्याला झटके येऊ शकतात.