आधी नियम, मग सही: जर्मनीतलं जुनं घर आणि सरकारी अनुदान

एर्लांगेनजवळच्या एका छोट्या गावात आम्ही 2022 मध्ये घर घेतलं, 1974 चं बांधकाम, पुण्याच्या भाषेत कडेचं रो हाऊस. खाली तळघरात 1998 चा गॅस बॉयलर, खिडक्या मूळच्याच, आणि वरच्या माळ्याच्या जमिनीवर नुसत्या फळ्या. पहिल्या जानेवारीत आई-बाबा आले होते, बाहेर उणे सात, आई दिवसभर शाल पांघरून रेडिएटरला पाठ टेकून बसायची आणि तरी म्हणायची की कुठूनतरी वारं येतंय गं. वारं येतच होतं, खिडकीच्या चौकटीतून. तेव्हाच ठरवलं की हे घर नीट करायचं.

सांगलीचा दादा फोनवर विचारतो, तुमच्याकडे सरकार पैसे देतं ना, मग अडचण काय? अडचण ही की पैसे एका खिडकीतून मिळत नाहीत. त्याने गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं तेव्हा सूर्यघर योजनेत पोर्टलवर अर्ज, व्हेंडर निवडला, पॅनल सुरू झाल्यावर 78,000 रुपये खात्यात जमा. इथे हीटिंग बदलायचं तर केएफडब्ल्यू म्हणजे सरकारी बँक, छप्पर-भिंती-खिडक्यांसाठी बाफा नावाचं वेगळं सरकारी खातं, आणि या दोन्ही दारांत न जाता थेट इन्कम टॅक्समधून सूट घ्यायची तर तिसरा रस्ता. एकाच कामासाठी अनुदान आणि टॅक्सची सूट दोन्ही मिळत नाही, पण खिडक्या टॅक्समध्ये आणि हीटिंग केएफडब्ल्यूकडे असं वाटून घेता येतं. हे मला उशिरा कळलं आणि जे नवीन घर घेतायत त्यांना लवकर कळावं म्हणून एवढं लिहितेय.

खिडक्यांचं आधी सांगते. 2023 च्या उन्हाळ्यात एक माणूस मापं घेऊन गेला, 18,000 युरोचं कोटेशन दिलं आणि म्हणाला आत्ता सही करा म्हणजे सप्टेंबरची तारीख मिळेल, अनुदानाचा अर्ज नंतर भरता येतो. आम्ही विश्वास ठेवला, सही केली. नंतर भरता येत नाही. 2023 मध्ये बाफाचा अर्ज कामाचा करार करायच्या आधी जावा लागायचा, सही झाली की त्या कामापुरतं दार बंद. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, कारण दोन आठवडे थांबलो असतो तरी चाललं असतं.

मग टॅक्सच्या कायद्यातलं कलम 35सी सापडलं. घर दहा वर्षांपेक्षा जुनं असावं, स्वतः राहत असावं, काम रजिस्टर्ड कारागिराने केलेलं असावं, त्याने ठरलेल्या सरकारी नमुन्यावर सर्टिफिकेट द्यावं आणि पैसे बँकेतूनच गेलेले असावेत, रोख नाही. अर्ज आधी लागत नाही. खर्चाच्या 20 टक्के रक्कम तीन वर्षांत टॅक्समधून वजा होते, सात, सात आणि सहा टक्के, एका घरासाठी जास्तीत जास्त 40,000 युरो. आमचे 1,260, 1,260 आणि 1,080, एकूण 3,600. बाफाने साधे 15 टक्के दिले असते म्हणजे 2,700, तेव्हा रकमेत आमचं नुकसान झालं नाही. पण हे सगळ्यांना लागू नाही हं! ही सूट थेट भरायच्या टॅक्समधून वजा होते, आणि एखाद्या वर्षी टॅक्सच कमी असेल, समजा एकजण बाळासाठी सुट्टीवर आहे किंवा नोकरी गेलीय, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षात ढकलता येत नाही, बुडते. ज्यांचं उत्पन्न स्थिर नाही त्यांनी अनुदानच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर शहाणपणा केला आणि एनर्गीबेराटरला, म्हणजे घराच्या ऊर्जेच्या सल्लागाराला बोलावलं. ते आधी बोलवायला हवं होतं. ऑगस्ट 2024 पर्यंत त्याच्या फीचे 80 टक्के, 1,300 युरोपर्यंत सरकार द्यायचं, आम्ही गेलो तेव्हा ते 50 टक्के आणि जास्तीत जास्त 650 वर आलं होतं. फी 1,700, आमच्या खिशातून 1,050. त्याने घरभर फिरून एक आराखडा करून दिला, कोणतं काम आधी, कोणतं नंतर. या आराखड्यातलं काम केलं तर बाफा 15 ऐवजी 20 टक्के देतं. माळ्याच्या इन्सुलेशनचे 8,000 युरो झाले, त्यावर 1,600 मिळाले, म्हणजे आराखड्यामुळे 400 जास्त. खिडक्याही त्यात असत्या तर अजून 900. नुसता हिशोब मांडला तर आमच्या बाबतीत फी वसूल झाली नाही, पण मी तरीही पुन्हा हेच करीन, कारण त्याने सांगितलेला क्रम सोन्यासारखा होता.

तो म्हणाला हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राला, हात लावायच्या आधी माळा झाका. भिंतींना आधीच्या मालकांनी बाहेरून थर्मोकोलचे जाड थर लावलेले, खिडक्या नव्या झाल्या, आता उष्णता वरून जातेय. आणि पंपाच्या कमी गरम पाण्यावर घर तापेल का हे बघायची एक साधी परीक्षा सांगितली, थंडीच्या आठवड्यात बॉयलरचं पाणी 55 डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि बघायचं घर उबदार राहतं का. माळा झाकल्यावर राहिलं, फक्त बाथरूम गार, तिथला एक रेडिएटर मोठा घेतला. आधी एका कंपनीने घराचं क्षेत्रफळ बघून अंदाजाने 12 किलोवॅटचा पंप सुचवला होता. खोलीनिहाय हिशोब केल्यावर आकडा निघाला आठ. मोठा पंप सतत चालू-बंद होत राहतो, वीज जास्त खातो आणि लवकर झिजतो, शिवाय महाग.

हीटिंगचं अनुदान असं जोडत जातं. मूळ 30 टक्के सगळ्यांना. स्वतः राहत असाल आणि चालू गॅस बॉयलर किमान 20 वर्षं जुना असेल तर अजून 20. पंपात उष्णता वाहून नेणारा वायू (रेफ्रिजरंट) प्रोपेनसारखा नैसर्गिक असेल, किंवा पंप जमिनीतून किंवा पाण्यातून उष्णता घेत असेल तर अजून 5. घराचं करपात्र उत्पन्न वर्षाला 40,000 युरोपर्यंत असेल तर अजून 30, पण एकूण 70 च्या वर नाही. आमचं उत्पन्न त्यात बसत नाही, म्हणून 55 टक्के. पंपाचा एकूण खर्च 36,000, पण एका घरासाठी 30,000 च धरतात, म्हणून 16,500 मंजूर आणि 19,500 आमचे. प्रोपेन ऐकून आई घाबरली, घरात स्फोट तर नाही ना होणार. तिला सांगितलं की आपल्या सिलिंडरमध्येही ब्युटेनबरोबर तो असतोच, आणि इथे तो घराबाहेरच्या बंद यंत्रात थोडासाच आहे.

यावेळी सही कशी केली ते महत्त्वाचं. खिडक्यांच्या वेळच्या बाफाच्या नियमाच्या उलट, केएफडब्ल्यूच्या अर्जाआधी कारागिराशी करार झालेलाच हवा, पण त्यात एक अट लिहिलेली हवी की अनुदान मंजूर झालं तरच हा करार लागू होईल, आणि काम कधी होणार ती अंदाजे तारीख. ती एक ओळ नसेल तर अर्ज अडकतो. आमच्या कारागिराच्या छापील करारात ती नव्हती, मी मागितली, त्याने पेनाने नव्हे तर नवीन कागदावर टाइप करून दिली. आणखी एक, पैसे काम पूर्ण झाल्यावर, बिलं दाखवल्यावर येतात. म्हणजे तोपर्यंत सगळे 36,000 आपणच भरायचे. आम्ही फिक्स्ड डिपॉझिट मोडलं, ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी केएफडब्ल्यूचंच कर्ज असतं, तेही मंजुरी आल्यावर मागता येतं.

सप्टेंबरमध्ये पंप बसला, कागद अपलोड केले, आता अनुदानाची वाट बघतेय. खिडक्यांचा शेवटचा सहा टक्क्यांचा हप्ता 2025 च्या रिटर्नमध्ये टाकायचा, त्यासाठी ते सर्टिफिकेट फाइलमध्ये सर्वात वर ठेवलंय. आई-बाबा जानेवारीत परत येतायत, आईने विचारलं शाल आणू का, मी म्हटलं आण, पण फक्त बाहेर फिरायला जाताना लागेल.