बेल, चटई आणि वाटाण्याएवढा तुकडा

मंगळवार, रात्री

बेल वाजली की दाराकडे झेप, भुंकून घर डोक्यावर आणि पाहुणा आत आला की त्याच्या छातीवर दोन्ही पाय. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची ही तक्रार. पण जरा कुत्र्याच्या बाजूने हिशेब मांडून बघावा. पार्सलवाला आला, हा भुंकला, पार्सलवाला गेला. दूधवाले आले, हा भुंकला, तेही गेले. कचरेवाल्या ताई आल्या, त्याही गेल्या. त्याच्या लेखी दर वेळी मोहीम फत्ते! रोज सहा-सात वेळा असं यश मिळत असेल तर तो भुंकणं का सोडेल? त्यात घरातली माणसं मागून "ए, गप्प!" म्हणून ओरडतात. त्याला वाटत असणार, चला, सगळे जोडीला भुंकायला आले.

भुंकणं दाबत बसण्यापेक्षा बेलचा अर्थ बदलणं सोपं. बेल म्हणजे चटईवर जा, तिथे खाऊ आहे.

बुधवार

आधी चटई, मग बेल. घाईत लोक नेमका हाच क्रम उलटा करतात.

न घसरणारं मोठं पायपुसणं किंवा घडी घातलेली सतरंजी चालते. ती दारापासून आठ-दहा फुटांवर, दार दिसेल अशा ठिकाणी ठेवावी. खाऊ म्हणजे मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन नाहीतर पनीर, वाटाण्याएवढे तुकडे करून. पाच मिनिटांत वीस-पंचवीस तुकडे सहज संपतात, म्हणून तुकडा मोठा नको. दिवसाचा सगळा खाऊ मिळून आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ नये आणि तेवढं जेवण कमी करावं. कांदा-लसणाच्या रश्शातलं चिकन, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषारी, ते चुकूनही नको.

चटईवर पाय पडला की सेकंदाच्या आत तुकडा, आणि तोही चटईवर ठेवायचा. हातातून भरवला की कुत्रा हातामागे सरकत पुढे येतो आणि चटई राहते मागे. आधी चारही पाय, मग बसणं, मग दोन सेकंद थांबणं, पुढे पाच, दहा, तीस. दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढची पायरी. लागोपाठ दोनदा चुकला तर निमूट मागची. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पुरे. "जागेवर" हा शब्द तो आपणहून चटईकडे जायला लागल्यावरच जोडावा. पहिल्या दिवसापासून जप लावला तर त्याच्या कानाला तो पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो.

पुढच्या मंगळवारी

आता बेल. जुन्या सुराला कित्येक महिन्यांचं भुंकणं चिकटलेलं असतं. सूर बदलता येणारी वायरलेस बेल घरात असेल तर सरळ नवा सूर लावावा. त्याचा काही इतिहास नसतो, निम्मं काम तिथेच होतं. आवाज सगळ्यांत कमी. फोनवर रेकॉर्ड केलेली बेल सुरुवातीला ठीक, पण आवाज दाराकडून येत नाही हे कुत्र्याला चटकन कळतं, त्यामुळे शेवटी खऱ्या बेलवरच यावं लागतं.

बेल आधी, हात खाऊच्या डब्याकडे नंतर. डब्याचं झाकण आधी वाजलं तर कुत्रा झाकण शिकतो, बेल नाही. (ही जोडी लावण्याचं तत्त्व कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचं. त्याच्या नावाला घंटा कायमची चिकटली असली तरी प्रयोगांत मेट्रोनोमही (टिकटिक करत ठेका देणारं यंत्र) भरपूर वापरला होता, आणि १९०४ चं नोबेल तर पचनक्रियेच्या कामासाठी होतं.)

क्रम असा: बेल, चटई, तुकडा. मग बेल, चटई, कडीला हात, तुकडा. मग दार बोटभर उघडून बंद. मग उघड्या दारात घरातलंच माणूस. खरा पाहुणा सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हा कुत्र्याला सहा फुटी पट्टा हवाच, म्हणजे झेप घेतली तरी ती पाहुण्यापर्यंत पोचत नाही. या दिवसांत पार्सलवाल्याला बेल न वाजवता फोन करायला सांगावं. दिवसभर जुना धडा गिरवला गेला तर संध्याकाळची पाच मिनिटं वाया.

गुरुवार

उड्यांचं वेगळं. पाहुणा हाताने ढकलतो, "अरे अरे" म्हणतो, कुत्र्याच्या दृष्टीने तो खेळ. पाठ फिरवून उभं राहायचं, चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाली वाकून लाड. लक्ष मिळेनासं झालं की उड्या काही दिवस उलट वाढतात. नेमक्या तेव्हाच घरचे हात टेकतात आणि कुत्रा शिकतो की जोर वाढवला की मिळतं. "असू दे हो, मला आवडतं" म्हणणारे एखादे काका असतातच. दहातून एकदा लागणारी लॉटरी माणूस सोडत नाही, कुत्राही सोडत नाही. काकांना आधीच गाठावं.

शनिवार

एक पोटभेद. वजन मागच्या पायांवर, शेपूट आत, कान मागे, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं: हा कुत्रा उत्साहाने नाही, भीतीने भुंकतोय. त्याला पाहुण्याच्या हातून खाऊ देऊ नये. खाऊच्या ओढीने तो जवळ जातो, खाऊ संपला की अगदी समोर माणूस, आणि तिथेच चावा होतो. पाहुण्याने बसून राहावं, नजर दुसरीकडे, आणि तुकडा कुत्र्याच्या पाठीमागे फेकावा, म्हणजे खाऊही मिळतो आणि अंतरही. गुरगुरल्याबद्दल फटका तर कधीच नको. फटक्याने भीती जात नाही, फक्त इशारा जातो. शांत कुत्रा अचानक असा वागू लागला तर आधी पशुवैद्याकडे. कान दुखत असेल, सांधा दुखत असेल, चटईने ते बरं होत नाही.

महिन्याभराने

चटई पक्की झाली की खाऊ कधी पहिल्या वेळी, कधी चौथ्या, असा विस्कटत न्यावा. एकदम बंद करू नये. टीव्हीवरच्या मालिकेत बेल वाजली आणि कुत्रा मुकाट्याने चटईवर जाऊन बसला, तर त्या वेळचा तुकडाही द्यावा लागतो. डबा टीव्हीजवळच ठेवलेला बरा.